वामनबाबांच्या आवारातले हट्टी नट

घरच्या घरी गाडी खोलणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. पहिली म्हणजे उरलेले नट-बोल्ट. गाडी परत जोडून झाली, सुरूही झाली, फाटकापर्यंत जाऊन आली, तरी हातात दोन-चार नट शिल्लक असतातच! ते कुठले, हे कुणी विचारायचं नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. नट निदान बिस्किटाच्या डब्यात टाकून झाकण लावता येतं. किस्स्यांना झाकण नाही. चार माणसं जमली, कुणीतरी म्हणालं, "अरे, माझ्या स्कूटरचा एक बोल्ट सुटत नाही रे," की संपलं. आमच्यातला एक तरी हसायला लागतो आणि मग सगळंच सांगावं लागतं.

आमचे किस्से डिचोलीचे. वामनबाब हायस्कुलात मराठी शिकवायचे. त्यांच्या घरामागे मोठं आवार होतं, आवारात पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये त्यांची अँबॅसेडर होती. दर रविवारी सकाळी तिथे आम्ही जमायचो. गजानन, म्हणजे आमचा गजा, मूळचा पेडण्याचा, खाणीच्या ऑफिसात कारकून. दुसरे दोतोर. दाताचे डॉक्टर, पण अख्खं गाव त्यांना नुसतं 'दोतोर' म्हणायचं. आणि तिसरा मी, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातला. माझ्याकडे तेव्हा गाडीच नव्हती, त्यामुळे माझं मत सगळ्यांना निःपक्षपाती वाटायचं. माझं मुख्य काम टॉर्च धरणं.

गावात गॅरेजं नव्हती असं नाही. पण खाणीचे ट्रक म्हणजे गॅरेजवाल्यांचे जावई! ट्रक आला की आपली गाडी बाजूला ढकलून ठेवायची, आणि ट्रक तर रोजच यायचे. शेवटी वामनबाब म्हणाले, "आपण शिकलेली माणसं. आपणच करू."

शिकलेल्या माणसांनी पहिला नट सोडवायला घेतला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

* * *

दोतोरांकडे पोर्तुगीज काळात आलेली एक छोटी जर्मन गाडी होती. तिच्या इंजिनाच्या तळाचा, ऑईल काढायचा बोल्ट गंजून बसला होता. रविवारी सकाळी दोतोर गाडीखाली आडवे. बाहेर फक्त त्यांचे पाय.

त्याच वेळी मये गावचा एक माणूस दवाखाना बंद बघून त्यांना शोधत आवारात आला. गाल सुजलेला, डोक्याभोवती टॉवेल बांधलेला. बिचाऱ्याला रात्रभर झोप नव्हती. तो गाडीच्या पलीकडे येऊन उभा राहिला, आम्हाला दिसलाच नाही.

गाडीखालून दोतोरांचा आवाज येत होता.

"पक्कड दे! ही नको, मोठी दे!... छे, वरचं झिजलंय, पकडच बसत नाही... गजा, छिन्नी लाव! आता ठोक! अरे, घाबरतोस काय, जोरात ठोक!... मोडला तर मोडू दे रे, वरचा भाग निघू दे, मूळ राहिलं तर ड्रिल मारून काढू!"

थोड्या वेळाने दोतोर बाहेर आले. कोपरापर्यंत काळं ऑईल, एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात पक्कड. समोर टॉवेलवाला.

"बोला," दोतोर त्यांच्या दवाखान्यातल्या प्रेमळ आवाजात म्हणाले, "काय दुखतं?"

त्याने हातोड्याकडे बघितलं, पकडीकडे बघितलं, आणि डोक्यावरचा टॉवेल सोडला.

"कांय ना, दोतोर. वाट चुकलों!"

* * *

गंजलेल्या नटावर रात्रभर रॉकेल टाकून ठेवायचं, हे आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. पण तेव्हा रॉकेल मिळायची मारामार. वहिनी, म्हणजे वामनबाबांच्या बायको, स्टोव्हचं रॉकेल नटाला देतील हे शक्यच नव्हतं. एकदा मागून बघितलं. त्यांनी नुसतं बघितलं आमच्याकडे!

सायलेन्सरचा पाईप इंजिनाला जिथे मिळतो तिथले नट अडले होते. गजा म्हणाला, "फेणी घालूंया. काजूची. ती कसलाही गंज काढते. माणसाचा काढते, मग नटाचा का नाही?"

वामनबाब कधी थेंबाला न शिवलेले. पण गाडीसाठी म्हणून त्यांनी परवानगी दिली. शनिवारी संध्याकाळी गजाने बाटली आणली, थोडी नटांवर ओतली, आणि उरलेली वामनबाबांच्या हातात दिली. "रात्री झोपण्यापूर्वी परत एकदा घाला."

वामनबाबांनी ती जबाबदारी सासऱ्यांवर सोपवली. सासरे सावंतवाडीकडचे. लेकीकडे चार दिवस राहायला आले होते. अतिशय सोवळे, देवभक्त गृहस्थ. दारूच्या बाटलीला हात लावायला अशा माणसाइतका सुरक्षित माणूस कुठला मिळणार?

रविवारी आम्ही गेलो तर बाटली रिकामी, नट जिथल्या तिथे, आणि सासरे शेडमधल्या बाकावर पडून डोळे मिटून भजन म्हणतायत. तेही बऱ्यापैकी तालात!

वामनबाबांचा चेहरा उतरला. "अण्णा, फेणी नटांवर घातलीत ना?"

अण्णांनी एक डोळा उघडला.

"घातलंय तर! अर्धी तिका दिलंय, अर्धी मी घेतलंय. तिका कायच फरक पडूक नाय." मग डोळा परत मिटत म्हणाले, "माका पडलो!"

* * *

मेणबत्तीची युक्ती दोतोरांनी कुठल्यातरी इंग्रजी मासिकात वाचली होती. नट आधी चांगला तापवायचा, मग मेणबत्ती टेकवायची. मेण पातळ होऊन आट्यांच्या आत शिरतं आणि नट गंजातून मोकळा होतो.

मेणबत्त्या आणायला मला पिटाळलं. शेजारी मारीकाकी राहायची. एकटीच. मुलगा जहाजावर. तिच्याकडे मेणबत्त्यांचं पुडकं नेहमी असायचं.

"कुणाक बरें ना रे?" काकीने काळजीने विचारलं.

"गाडीला," मी म्हणालो. खोटं कशाला बोला?

काकीने पुडकं दिलं. पण एक मेणबत्ती काढून स्वतःकडे ठेवली.

आम्ही दिवसभर तो नट तापवला. मेण चोळलं. परत तापवलं, परत चोळलं. नट हलेना. गजाच्या भुवया जळाल्या. संध्याकाळी कंटाळून सगळे घरी गेलो. आणि दुसऱ्या दिवशी शाळेला जाण्यापूर्वी वामनबाबांनी सहज पाना लावला तर नट असा फिरला, जसा कालच बसवलाय! आम्ही तिघंही कामावर जाता जाता बघायला आलो.

"उष्णता," दोतोर म्हणाले. "प्रसरण आणि आकुंचन. सोपं आहे."

"मेण," गजा म्हणाला. "रात्रभर झिरपलं."

तेवढ्यात कुंपणापलीकडून काकीने विचारलं, "जालें गाडयेक बरें? हांवें काल सांजे इगर्जेंत मेणवात लायली!"

मागे ठेवून घेतलेली ती एक मेणबत्ती काकीने चर्चमध्ये लावली होती! विज्ञान शिकलेले दोतोरसुद्धा खाली बघत बसले. वामनबाब रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणणारे. त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही.

फक्त पुढच्या शनिवारी ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. वामनबाब हळू आवाजात म्हणाले, "येताना काकीला सांगून ये. उद्या क्लच उघडायचाय."

* * *

न सुटणाऱ्या बोल्टाबद्दल गजाचं एक मोठं तत्त्व होतं. "लगेच उलटा फिरवायचा नाही. आधी किंचित आवळायचा. आवळला की गंज तडकतो. मग सोडायचा." हे खरंही होतं. आमचे जे काही बोल्ट सुटले त्यातले निम्मे असे सुटले. वामनबाबांना तर ते इतकं पटलं की वर्गातसुद्धा उदाहरण म्हणून देऊ लागले.

एका रविवारी आम्ही कामात असताना वहिनी मागच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, येऊन उभ्या राहिल्या.

"भावाकडे लग्न आहे सावंतवाडीला. मी एक महिना जाऊन येणार."

वामनबाबांच्या हातून पाना पडला. "महिना? आणि माझं जेवण?"

"पोदेर रोज पाव घेऊन दारात येतो. उंडे घ्या आणि चहात बुडवून खा."

"महिना म्हणजे फार झालं! वीस दिवस?"

"लग्नानंतरची पूजा आहे. मग आईला डॉक्टरकडे न्यायचंय."

बोलणी बराच वेळ चालली. आम्ही तिघं बोनेटमध्ये डोकी घालून बसलो होतो. शेवटी वामनबाब एकदम न्यायाधीशाच्या थाटात म्हणाले, "हे बघ, शेवटचं सांगतो. आठवडा. एक आठवडा खुशाल जा. त्याहून एक दिवस जास्त नाही!"

"बरं," वहिनी म्हणाल्या. इतक्या चटकन की वामनबाबांनाच संशय आला.

"आठवडा चालेल?"

"मला आठवडाच पाहिजे होता. मागच्या खेपेला आठवडा मागितला तर दोन दिवसांवर आणलंत." जनेल लावून घेता घेता त्या म्हणाल्या, "तुम्हीच ना रोज सांगता? आधी आवळायचं, मग सुटतं!"

* * *

आता जरा नाजूक भाग येतो.

ते दिवस भाषेच्या आंदोलनाचे. राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून घराघरांत वाद. डिचोली, पेडणे म्हणजे मराठीचा जोर. वामनबाब अर्थातच मराठीवाले, सभांतून बोलायचे. आमचा गजा मात्र पेडण्याचा असून कडवा कोंकणीवाला! गंमत म्हणजे आवारात तोपर्यंत कोण काय बोलतं याचा कुणी विचारच केला नव्हता. तोंडात येईल ते बोलायचं. अर्धं वाक्य मराठी, अर्धं कोंकणी, आणि शिव्या तर दोन्हीकडच्या.

वामनबाबांनी ठरवलं की गाडीची नंबरप्लेट देवनागरीत करायची. त्यासाठी प्लेट काढायला हवी. स्क्रू इतके गंजलेले की त्यांच्या खाचाच उरल्या नव्हत्या. दोतोरांनी ड्रिल मारलं, गजाने पक्कड लावली. तत्त्व म्हणून विरोध होता, पण मदतीला होता! प्लेट वाकली, स्क्रू निघाले नाहीत. शेवटी वामनबाबांनी गाडीपुढे सतरंजी घातली, तिच्यावर पोटावर पडले आणि जागच्या जागी ब्रशने नंबर रंगवला. फळ्यावरचं त्यांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. तसाच तो नंबर दिसत होता.

त्याच आठवड्यात आम्ही म्हापशाला निघालो. वामनबाब, दोतोर आणि मी. वाटेत पोरांनी झाडाच्या फांद्या टाकून रस्ता अडवलेला. घोळका कोंकणीवाल्यांचा होता. वामनबाब भाषणं करतात हे ओळखलं तर काचा शाबूत राहत नाहीत!

एक पोरगा पुढे आला. प्लेटकडे वाकून बघत राहिला. वामनबाब स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. चेहऱ्यावर हुतात्म्याचं तेज.

पोरगा ताठ उभा राहिला आणि ओरडला, "आमगेलो मनीस! प्लेट कोंकणी आसा! वचूंक दियात रे!"

कोंकणीची लिपीही देवनागरीच! फांद्या बाजूला झाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर सलाम ठोकला.

मी म्हणालो, "चला, चला लवकर." पण गाडी हलेना. वामनबाबांचा चेहरा लालबुंद. त्यांनी काच खाली केली, अर्धे बाहेर आले आणि ओरडले, "ओ! परत वाचा! ही मराठी आहे!"

दोतोरांनी मागून त्यांचं तोंड दाबून धरलं. माणसाचा जबडा कुठे धरला की आवाज बंद होतो, हे त्यांना धंद्यामुळे माहीत होतं.

* * *

हे ऐकून गजा इतका हसला, इतका हसला की तिथेच ठिणगी पडली. रविवारी वामनबाब घुश्शातच होते.

त्या दिवशी गिअरबॉक्स खाली घ्यायचा होता. त्याचा एक लांब बोल्ट दोन माणसांशिवाय निघत नाही. एकाने वरून बोल्टाचं डोकं धरायचं, दुसऱ्याने खालून नट फिरवायचा. वर गजा, खाली वामनबाब.

"सदळ कर!" गजा वरून म्हणाला.

खालून उत्तर आलं, "सैल म्हण."

"सदळ!"

"सैल! मराठी माणसाच्या गाडीखाली सैल म्हणायचं."

"आमच्या गोंयांत सदळ म्हणटात. आवयच्या पोटांतल्यान म्हणटात!"

मला आधी वाटलं, थट्टा चाललीय. पण थोड्या वेळाने लक्षात आलं की दोघांचे पाने घट्ट धरलेले आहेत आणि दोघंही फिरवत नाहीत. शब्दाने शब्द वाढला. सभेत बोलायचे ते सगळे मुद्दे निघाले. मग सभेत बोलायचे नाहीत तेही निघाले. शेवटी गजाने पाना आदळला, स्कूटरला लाथ मारली आणि निघून गेला. वामनबाब गाडीखालून बाहेर आलेच नाहीत. बराच वेळ तिथेच पडून राहिले. बोल्ट तसाच.

त्या दिवसापासून वामनबाबांनी पण केला की यापुढे फक्त शुद्ध मराठी. घरच्या मांजरालासुद्धा "इकडे ये". गजाने ठरवलं की फक्त कोंकणी. बँकेत, पोस्टात, कुठेही. एकदा तर पुण्याहून आलेल्या साहेबाशीसुद्धा कोंकणीत बोलला. साहेब पोर्तुगीज समजून मान डोलवत राहिला!

पण गिअरबॉक्स तर अर्धवट लोंबकळलेला. दोतोरांनी मध्यस्थी करून एका रविवारी गजाला आणलं. परत एक वर, एक खाली. बोलायचं मात्र दोतोरांमार्फत.

"डॉक्टर, त्यांना सांगा, बोल्ट घट्ट धरावा."

"दोतोर, तांकां सांग, धरला."

"डॉक्टर, त्यांना सांगा, हात हलतोय."

"दोतोर, तांकां सांग, हात ना, तांचें मन हालता!"

दोतोर गाडीच्या बाजूला उकिडवे बसून एकदा वर आणि एकदा खाली बघत होते. बोल्ट निघाला. दोघंही एकमेकांकडे न बघता हात धुऊन दोन दिशांना गेले.

दोतोर तिथेच बसून राहिले. मला म्हणाले, "आयुष्यभर लोकांची तोंडं उघडत आलो रे. या दोघांनी मात्र हरवलं!"

* * *

त्यानंतर रविवार बंदच झाले. गिअरबॉक्स शेवटी गॅरेजात जोडून घ्यावा लागला. भाषेचा कायदा झाला, दोघांनाही तो अर्धाच आवडला. गोवा घटक राज्य झालं. गावात फटाके वाजले. वहिनींनी गजाच्या घरी गोड पाठवलं, गजाच्या बायकोने डबा भरून परत पाठवला. पुरुष मात्र बोलत नव्हते. बाजारात समोरासमोर आले तर एक जण फुटपाथ बदलायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पण माझं मत आता कुणी विचारत नव्हतं.

अशात गजाच्या मुलीचं जमलं. मेधाचं. मुलगा रेडीचा, म्हणजे तेरेखोलच्या पलीकडे, महाराष्ट्रात! दोतोर म्हणाले, "बघ, इतकी कोंकणी कोंकणी करून जावई शेवटी हद्दीबाहेरचा!" पण गजासमोर म्हणाले नाहीत. मेधा शाळेत वामनबाबांची विद्यार्थिनी. मराठीत नेहमी पहिली. साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला ती स्वतः वामनबाबांकडे गेली. तिच्यासाठी ते यायला तयार झाले. मात्र स्वतःच्या गाडीने.

गजाने नुकतीच खाणीवरून निकालात काढलेली एक जुनी जीप घेतली होती. पुढे जीप, मागे आमची अँबॅसेडर, असे आम्ही डिचोलीहून निघालो. सातार्ड्याचा वळसा नको म्हणून केरीला फेरीबोट घेतली. जीप पहिली चढली, तिच्यामागे आम्ही, आमच्यामागे आणखी दोन टेंपो आणि ढीगभर माणसं.

पलीकडे तेरेखोलच्या धक्क्यावर मुलाकडची मंडळी सामोरी आली होती. मुलाचे काका छत्री घेऊन पुढे उभे. हातात नारळ.

फेरी लागली, फळी पडली. जीप ऐटीत उतरून धक्क्यावर चढली, आणि तिथे वर आलेल्या एका दगडावर डावं पुढचं चाक गेलं. फाट्ट! टायर फुटला. धक्का इतका अरुंद की जीपच्या बाजूने बकरीसुद्धा जाऊ नये. आम्ही सगळे फेरीवर अडकलो.

गजाने बाह्या सरसावल्या. पाना काढला, पहिल्या नटाला लावला आणि जोर केला. नट ढिम्म. आधी आवळायचं स्वतःचं तत्त्व घाईत विसरून त्याने परत सोडायलाच जोर केला. काही नाही. जीपमधून त्याचा मेव्हणा उतरून आला. दोघांनी मिळून जोर लावला. मग फेरीवाल्यांपैकी एकाने लोखंडी पाईप आणून पान्याला जोडला, आणि तिघं त्या पाईपवर चढून उभे राहिले.

"टक्!"

"सुटलो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजाने खाली वाकून बघितलं. नट सुटला नव्हता. अख्खा मुळापासून मोडून हातात आला होता!

ओहोटी सुरू झाली म्हणून फेरीचा तांडेल वरून ओरडायला लागला, "सुकती लागली! फेरी चिखलांत बसतली! गाडी काडात!" मागचे टेंपोवाले हॉर्न मारत होते. काका घड्याळ बघत होते. "मुहूर्त टळाक नको हां!" जीपमध्ये गजाची बायको तोंडाला पदर लावून बसलेली. गजाच्या नव्या पांढऱ्या शर्टावर लाल चिखलाचे हात उमटले होते. तो दुसऱ्या नटाशी झगडत होता, आणि मी त्याला इतकं केविलवाणं कधी बघितलं नव्हतं.

मी वामनबाबांकडे बघितलं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून, नाकासमोर बघत बसले होते. पण ओठ सारखे हलत होते. त्यांच्या थोरल्या भावाकडे पूर्वी अगदी तसलीच जीप होती, हे मला नंतर कळलं. गजाने प्रत्येक हिसका मारला की वामनबाबांचं मनगट स्टिअरिंगवर उलट्या बाजूला वळत होतं.

"वामनबाब, काही येतंय का तोंडात?" दोतोरांनी विचारलं.

"मला कुणी विचारलेलं नाही," वामनबाब म्हणाले.

तेवढ्यात जीपमधून मेधा उतरली. जरीची साडी हाताने वर धरून, फळीवरून चालत आमच्या गाडीपाशी आली. सगळा धक्का बघत होता.

"सर," ती काचेशी वाकून म्हणाली, "तुम्ही उतरताय, की मी चालत जाऊ रेडीला?"

वामनबाबांनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग गाडीचं दार उघडलं. पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, तशातच ते चिखलातून धक्क्यावर गेले. गजा पाईपला लोंबकळत होता. ते त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, एक मोठा श्वास घेतला, आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असे कडाडले:

"अरे पिशा, उरफाटें घुंवडाय! ह्या जिपीच्यो दाव्या वटेच्यो आटी उलट्यो आसतात! सोडटां म्हणून आंवळटा तूं, मगीर कसो सुटटलो तो?"

डाव्या चाकांच्या आट्या उलट्या असतात, हे वामनबाबांनी चक्क कोंकणीत सांगितलं!

गजाने मागे वळून बघितलं नाही. त्याने पाना उलट्या बाजूने लावला आणि दाबला. नट कर्र करून फिरला. पाईप नको, मेव्हणा नको. एका हाताने!

गजा हळूच उठला. घाम पुसला, तोंडावर चिखलाचा पट्टा ओढला गेला. वामनबाबांसमोर उभा राहिला, घसा खाकरला आणि हात जोडून, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा म्हणाला:

"वामनराव, मी आपला अत्यंत ऋणी आहे."

वामनबाब त्याच्याकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वाक्य बरें आसा," ते म्हणाले. "पूण 'अत्यंत' नाका आसलें. आतां तो फुडलो नट घे!"